आमच्याकडे टायगर आहे

चंद्रपूरच्या माणसाला वाघा-बिबट्याची भीती वाटते असं म्हणायची सोय नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'तुम्हाला काय, रोजच दिसत असेल!' मग आपण चहाचा कप खाली ठेवून 'त्यात काय एवढं' असा चेहरा करत खिडकीबाहेर बघायचं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून हा चेहरा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला रेशन कार्डासोबत मिळतो. मलाही मिळाला आहे. फक्त मी ज्या ज्या वेळी जिप्सीत बसून ताडोबात गेलो, त्या त्या वेळी वाघ रजेवर होते. मला वानरं दिसली, सांबरं दिसली, मोर दिसले, आणि 'आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, इथ्थेच बसला होता' असं सांगणारे समोरच्या जिप्सीतले लोक दिसले. हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

नोकरी माझी आवक-जावकची. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा. या कामाला शौर्य लागत नाही, आणि लागलं असतं तर मी केव्हाच बदली मागितली असती. असा मी, मूल रोडच्या बाजूला एका लेआउटमध्ये घर बांधून राहतो. मागे मोकळे प्लॉट, त्यांच्यामागे झुडपं, झुडपांमागे जंगल. प्लॉट विकत घेताना पत्रकावर 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं छापलेलं होतं. निसर्गसुद्धा आपल्या सान्निध्यात येऊ शकतो, हे पत्रकावर नव्हतं.

तो आला एका हिवाळ्यात, रात्री अडीचच्या सुमारास, कोपऱ्यावरच्या घराच्या सीसीटीव्हीत. चांगला तगडा बिबट्या. रस्त्याच्या मधून आला, विजेच्या खांबाचा वास घेतला आणि वसुलीला आलेल्या माणसासारखा एकेका घराचं गेट न्याहाळत पुढे गेला. आमच्या गेटसमोर तो जरा जास्तच थांबला असं माझं मत आहे. बायकोच्या मते नाही थांबला. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की शेवटी मोबाइलनेच मान टाकली.

लेआउटच्या ग्रुपवर एरवी 'नळ आले का?' यापलीकडे विषय जात नाही. त्या दिवशी मात्र विचारवंतांचा पूर आला. कोणी फटाक्यांचं सुचवलं, कोणी रात्रभर मोठ्याने रेडिओ लावायचं. एकाने लिहिलं की वीस वर्षांपूर्वी इथे जंगलच होतं, तेव्हा अतिक्रमण बिबट्याचं नसून आपलं आहे. त्यावर ज्याने आम्हाला प्लॉट विकले तो गृहस्थ ग्रुप सोडून गेला. या सगळ्या गदारोळात मी लिहून गेलो, 'आपण एक कुत्रा पाळला पाहिजे.' 'आपण' म्हणजे लेआउटने मिळून, वर्गणी काढून वगैरे, असं माझ्या मनात. सकाळी उठून बघतो तर खाली अंगठ्यांची रांग लागलेली, आणि 'आपण' म्हणजे मी हे बहुमताने ठरलेलं.

एकदा कुत्रा आणायचा म्हटल्यावर मी तो जर्मन शेफर्ड आणायचं ठरवलं. आपल्या अंगात जे नाही ते कुत्र्याच्या अंगात तरी असावं. मुलगी म्हणाली, "बाबा, जर्मन कुत्रा. चंद्रपूर. मे महिना." एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली. मे महिन्यात इथे पारा ४६-४७ ला टेकतो, हे त्या कुत्रे विकणाऱ्या माणसालाही ठाऊक असणार, कारण किंमत सांगून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "एसी आहे ना घरी?" आमच्या घरात एसी मलाच नाही. कुत्र्यासाठी एसी बसवायचा आणि मग त्याच्या खोलीत आपण सतरंजी टाकून झोपायचं, हा विचार मी बायकोला बोलून दाखवला नाही. पण तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण तिने त्याच संध्याकाळी माहेरी फोन लावला.

सासुरवाडी माझी चामोर्शीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली. मार्कंड्याच्या देवळापासून फार लांब नाही. तिथे आमच्या हौसेची बातमी पोचली आणि हसण्याचा आवाज फोनशिवाय ऐकू आला असता. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, कुत्र्याले पैसे देतेत का जी कोनी? आमच्या चंपीनं पिल्लं देल्ली आहेत. घेऊन जा ना एक." साळ्याने पिल्लाची वंशावळ सांगितली, "भाऊजी, याची माय मागच्या साली वाघावर भुकली होती. अख्खा गाव साक्षीले आहे."

"मग?"

"मंग काय, वाघ गेला."

ही वंशावळ ऐकून मी पिल्लू पसंत केलं. चंपी त्या वेळी घरात, धानाच्या कणगीमागून भुंकत होती हा तपशील साळ्याने मला बऱ्याच दिवसांनी, पोहे खाता खाता सांगितला.

पिल्लू तांबूस रंगाचं, पायांत पांढरे मोजे, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. आम्ही गेलो तेव्हा मोहाचा हंगाम होता. सासुरवाडीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, आणि हे महाशय त्या फुलांच्या मधोमध पोट टेकून, मान न उचलता, पोचेल तिथवरची फुलं खात होते. अस्वलाला मोह आवडतो हे माहीत होतं. बसची वेळ होईपर्यंत त्याचं पोट नगाऱ्याएवढं झालं. साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी होती, तिच्यात त्याला बसवलं आणि गडचिरोलीहून व्याहाड, सावली, मूल असे निघालो.

वैनगंगेचा पूल जवळ आला तसा मला घाम फुटला. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासूनची. चंद्रपूरची २०१५ ला आली नि २०२१ ला गेली, पण गडचिरोलीची पक्की. आणि माझ्या मांडीवर, तोंडाला मोहाचा वास येतो आहे, डोळे मिटलेले आहेत आणि पिशवीबाहेर काढलं तर चार पाय चार दिशांना जातात, असा एक सहप्रवासी. मी बायकोला म्हणालो, "कोणी विचारलं तर काय सांगायचं?" ती म्हणाली, "दारू नेणारे आत नेतात, बाहेर कोण आणते? उगाच घाबरून राहिले." कंडक्टरने पिशवीत डोकावून पाहिलं, पिल्लाने एक डोळा उघडून कंडक्टरला पाहिलं, आणि दोघांनीही परस्परांत काही बोलणं नको असं ठरवलं. कुत्र्याच्या आयुष्यातलं शौर्य त्या एका डोळ्यापाशी संपलं असं आता म्हणायला हरकत नाही.

नाव मी आधीच ठरवून ठेवलं होतं. टायगर. मुलीला 'भाकर' ठेवायचं होतं. बायको म्हणाली, "रस्त्यावर हाक कोण मारणार आहे?"

"मी."

"मग ठेवा."

तेव्हा हे वाक्य मला संमतीचं वाटलं.

पहिल्या रात्री टायगरला पोर्चमध्ये खोक्यात झोपवलं. रखवालदार म्हणून आणलेला माणूस कामाच्या पहिल्या दिवशी घरात कशाला घ्यायचा? टायगर रडायला लागला. तो असा काही सूर लावायचा की शेजारचे काका गेटवर येऊन 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारून गेले. मग खोकं हॉलमध्ये आलं. मग खोक्याशिवाय टायगर हॉलमध्ये आला. मग हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून पलंगाचं पायथं, आणि पायथ्यावरून उशीपर्यंतचा प्रवास त्याने कागदपत्रं न दाखवता कधी पुरा केला ते मला आवक-जावकमध्ये इतकी वर्षं काढूनही कळलं नाही.

मी तरीही म्हणत होतो, मोठा झाला की बाहेर बांधू. तेवढ्यात वनखात्याच्या लोकांची फेरी आली. बिबट्या दिसला की ते वस्तीत येऊन माहिती देतात: झुडपं कापा, उकिरडा साठू देऊ नका, अंधारात एकटी पोरं पाठवू नका. त्यांच्यात एक तरुण वनरक्षक ताई होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही तर रखवालीला कुत्राच आणला."

तिने टायगरकडे पाहिलं. तो तिच्या बुटाची नाडी चघळत होता. "काका, रात्री बाहेर नका बांधू हं याला."

"अहो, पण तो बाहेर बसायलाच आणलाय."

"बिबट्या कुत्र्यासाठीच तर येतो ना काका वस्तीत."

मी आत येऊन खुर्चीवर बसलो. नंतर शोधून वाचलं, तर विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या जेवणाचा हिशेब मांडला होता. वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा, ३९ टक्के. म्हणजे बिबट्या येऊ नये म्हणून मी जो उपाय केला होता, तो त्याच्या भाषेत जेवणाचं आमंत्रण होतं. शिवाय तो उपाय मी ग्रुपवर लिहून सगळ्या लेआउटला सुचवला होता.

तेव्हापासून आमच्या घरचा रात्रीचा बंदोबस्त असा: टायगर पलंगावर. मध्यरात्रीनंतर कधीतरी त्याला बाहेर जायचं असतं. तो माझ्या कानात एक थंडगार ओलं नाक खुपसतो. मग मी उठतो, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी, काखेत जर्मनची ताटली. दार उघडून आधी मी बाहेर जायचं, ताटली वाजवायची, टॉर्च चारी कोपऱ्यांत फिरवायचा आणि कोणाला उद्देशून ते माहीत नसलेला 'ए!' असा आवाज काढायचा. एवढं झालं की टायगर माझ्या पायजम्यामागून डोकं काढून परिस्थितीचा अंदाज घेतो, पायरीपासून दोन हातांवर काम उरकतो आणि मला तिथेच सोडून आत पळतो. मी मागे वळेपर्यंत माझी उशी गेलेली असते.

गावातल्या लोकांना हे सांगितलं तर ते हसतात, आणि त्यांनी हसावंच. माझ्या मागे विटांची भिंत आहे, लोखंडी गेट आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूलकडच्या जंगलालगतच्या गावांत मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे जंगलात शिरतात, आणि एखाद्या हंगामात त्यांच्यातली कोणी परत येत नाही. पोटासाठी जाणाऱ्याला ताटली वाजवत बसायला वेळ नसतो. हे लिहिताना माझी ताटली मला जरा लाजिरवाणी वाटते. वाजवतो मात्र रोज.

लसीकरणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे. गुरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गावातल्या कुत्र्यांना डिस्टेंपर झाला तर तो जंगलातल्या रानकुत्र्यांना, वाघांनाही लागू शकतो, म्हणून प्रकल्पाच्या आसपासच्या कुत्र्यांना लस टोचणं फार गरजेचं. आपला टायगर खऱ्या टायगरच्या उपयोगी पडणार हे ऐकून मला भरून आलं, आणि त्या भरात मी त्याचं तोंड डॉक्टरांनी सांगितलं तसं न धरता मला वाटलं तसं धरलं. सुई टायगरला लागली, दात मला लागले. त्याचं काम एका टोचणीत झालं. मला सरकारी दवाखान्यात ०, ३, ७ आणि २८ या दिवसांचं कार्ड मिळालं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की औषध नाही, तेव्हा इथे चालढकल करायची नाही एवढं मला कळतं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "मोकाट कुत्रं का हो?" मी म्हटलं, "नाही, घरचंच." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने आमच्याकडे सहसा वनखात्याचे पंचनामे वाचतात.

मग उन्हाळा आला. विदर्भाबाहेरच्या माणसाला कूलर ही वस्तू समजत नाही. त्याला वाटतं तो पंख्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे कूलर म्हणजे घरातली सत्ता कोणाकडे आहे ते दाखवणारं यंत्र. होळी झाली की तो माळ्यावरून निघतो, धुतला जातो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि मग कोण कुठे बसणार हे ठरतं. अगदी झोतासमोरची जागा घरातल्या कर्त्या पुरुषाची, असा आमच्या वडिलांपासूनचा रिवाज. त्या जागेवर मी वीस उन्हाळे काढले. टायगरने एका दुपारी येऊन ती जागा पाहिली, गोल गोल तीन चकरा मारल्या आणि धपकन अंग टाकलं. सुरुवातीला तो माझ्या पायाशी होता. मग मला जाणवलं की दर पंधरा मिनिटांनी मी थोडा मागे सरकलेलो असतो. तो ढकलत नाही, भुंकत नाही. झोपेतच अंग ताणतो, चारही पाय माझ्या मांडीला लावतो आणि एक दीर्घ उसासा टाकतो. त्या उसाशाला नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही. मे अर्ध्यावर आला तोवर मी स्वयंपाकघराच्या दारात होतो, आणि तिथे बायको म्हणाली, "इथे नका बसू, वारा अडते."

पुढे त्याने आणखी प्रगती केली. कूलरच्या टाकीचं झाकण नाकाने उघडायचं तंत्र त्याला सापडलं. एका दुपारी कूलरमधून दमट कुत्र्याचा वास यायला लागला म्हणून मागे जाऊन पाहिलं, तर टायगर पुढचे दोन पाय टाकीत सोडून, हनुवटी काठावर टेकून उभ्याउभ्या झोपला होता. पंप त्याच्या पंजांवर पाणी सोडत होता. जीभ बाहेर, पडका कान पाण्यात. एवढा सुखी जीव मी आमच्या कचेरीत कधी पाहिला नाही, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा. मुलीने फोटो काढला. मी त्याला उठवणार होतो. मग म्हटलं, राहू दे, पाच मिनिटं. आम्ही तिघं त्या कूलरच्या मागच्या बाजूला, जिकडून गरम हवा येते तिकडे, भर दुपारी उभे राहून कुत्रा झोपलेला बघत होतो.

उन्हामुळे फिरायला जायचं ते पहाटे पाचला. त्यानंतर डांबर तापतं, पंजे भाजतात. लग्नापासून आजवर मला पाचला उठवण्याचे जेवढे प्रयत्न झाले, योगाचे, मधुमेहाचे, बायकोच्या भावाचे, ते सगळे मी हाणून पाडले होते. आता रोज जातो. पूर्वेला उजाडतं, दुर्गापूरकडे वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि राखेच्या थरामुळे टायगरचे पांढरे मोजे परतेपर्यंत करडे झालेले असतात. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आमटे बिबट्यांना घेऊन फिरायला जायचे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी एका गावठी पिल्लाला घेऊन जातो, आणि दुरून पाहणाऱ्याला साखळीच्या कोणत्या टोकाला कुत्रा आहे ते लगेच सांगता येत नाही. तो थांबला की मी थांबतो. तो एखाद्या दगडाचा वास घेत उभा राहिला की मीही त्या दगडाकडे बघत राहतो. आमच्या रस्त्याला शिरीषाचं झाड आहे, ते फुलतं आणि पहाटे त्याचा वास येतो, हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं. मी ते कचेरीत सांगितलं तर बाजूचा कारकून म्हणाला, "साहेब, बीपी तपासलं का?"

आणि संध्याकाळ. मी गेट उघडलं की टायगरची शेपटी हलायला लागते, आणि गेटपाशीच नळाखाली लोखंडी बादली असते. शेपटी बादलीवर, ठण ठण ठण. त्यावरून शेजारच्या काकू कुकर लावतात, म्हणतात, "आले वाटतं साहेब." भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या आवक-जावक कारकुनाचं असं स्वागत कोणत्याही राज्यात झालेलं मला ठाऊक नाही. दहा मिनिटांपूर्वी कोथिंबीर विसरली म्हणून परत गेलो आणि आलो, तरी तीच बादली, तोच ठणठणाट. आता मी मुद्दाम कोथिंबीर विसरतो. बायकोला संशय आहे.

आता ती जुलैमधली संध्याकाळ. हिच्याबद्दल लेआउटमध्ये तीन-चार वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, म्हणून माझी सांगून टाकतो. पाऊस नुकताच थांबलेला, लाइट गेलेले. सिलिंडरवाला आला म्हणून गेट उघडलं आणि टायगर त्याच्या पायांमधून निसटला. मी बनियन-पायजम्यात मागे धावलो. समोर अंधार, आणि माझ्याकडे हाक मारण्यापलीकडे साधन नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "टायगर! टायगर! अरे टायगर पळाला! तिकडे गेला, तिकडे!"

शतपावली करणाऱ्या बायांचा एक घोळका होता. तो घोळका मी पाहिला, आणि पुढच्या क्षणी तो नव्हता. धडाधड दारं लागली. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्या माणसाने घोटलेला खर्रा तसाच टाकून फळी आडवी केली. एक मोटारसायकलवाला माझ्याकडे येत होता, तो गाडी न वळवता स्वतःच वळला, गाडी पडून राहिली. मला वाटलं, काय चांगली माणसं, सगळे कुत्रा शोधायला धावले.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला, "कुठी पाहिला?"

"आत्ता, गेटातून गेला!"

"तुमच्या गेटातून? किती मोठा आहे?"

"लहान आहे हो! सहा महिन्यांचा!"

खिडकीत क्षणभर शांतता, मग आतून कुजबुज, मग तोच आवाज, दुप्पट घाबरलेला, "अरे बाप्पा! मग माय जवळच असन!"

"नाही, माय चामोर्शीला आहे!" मी ओरडलो.

हे वाक्य त्या रात्री सगळ्या लेआउटने ऐकलं, आणि आजही ते मला लग्नकार्यात ऐकावं लागतं. त्या वेळी मात्र लोकांनी त्याचा अर्थ भीतीने माझं डोकं फिरलं असा लावला. "साहेब, घरात शिरा! पळू नका, पाठ नका दाखवू!" असे सल्ले चारही बाजूंनी यायला लागले. कोणी गच्चीवरून डबे बडवले, कोणी उरलेले दिवाळीचे फटाके फोडले. फटाक्यांच्या आवाजाने टायगर आणखी घाबरणार म्हणून मी आणखी जोरात हाका मारल्या. माझ्या हाका ऐकून लोकांनी आणखी फटाके फोडले. असा आमचा कार्यक्रम बराच वेळ चालला. कोणीतरी तेवढ्यात वनखात्याला फोन लावला होता.

गाडी आली, मोठा झोत टाकला, मागे लाठ्या घेतलेले लोक. पुढे तीच वनरक्षक ताई. झोत फिरत फिरत पानठेल्याखाली गेला. तिथे दोन डोळे चमकले. सगळा लेआउट, गच्च्यांसकट, एका दमात 'हाऽऽ' म्हणाला. डोळे जरा पुढे आले. मग उभा कान दिसला, मग पडका कान, मग तोंडात धरलेला बिस्किटाचा आख्खा पुडा. ताईने टॉर्च माझ्याकडे वळवला. मी बनियनवर होतो आणि चिखलात होतो.

"काका," ती म्हणाली, "रिपोर्टात काय लिहू?"

मी काही बोललो नाही. पानठेलेवाला म्हणाला, "पुड्याचे दहा रुपये लिहा."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नाव बदलायचा ठराव आला. माझ्या बाजूने एकही मत नव्हतं, कारण माझ्या घरातली दोन्ही मतं विरोधात पडली. कागदावर तो आता 'भाकर' आहे. पण त्याला भाकर म्हणून हाक मारली तर तो ताटाकडे बघतो, हाक मारणाऱ्याकडे बघत नाही. मग मी दबक्या आवाजात, ओठ न हलवता, 'टायगर' म्हणतो. आणि ज्या घरांशी गृहप्रवेशानंतर आमचं बोलणं नव्हतं, त्या घरांतून आता बाया मला थांबवून विचारतात, "काय म्हणते तुमचा टायगर? अन् माय कशी आहे चामोर्शीची?" पानठेलेवाला त्याच्यासाठी रोज एक बिस्किट बाजूला काढून ठेवतो, आणि माझ्या खात्यावर लिहितो.

एवढं सगळं होऊनही, शिकारी रक्त आज ना उद्या उसळेल अशी माझी समजूत होती. ती परवा निकालात निघाली. मागच्या प्लॉटवर कोणाची तरी कोंबडी पिल्लं घेऊन हिंडत होती. टायगर कुतूहलाने पिल्लांपाशी गेला. कोंबडीने पंख फुलवले आणि त्याच्या अंगावर धावली. मग पुढे टायगर, मागे कोंबडी, तिच्यामागे मी. घराला एक फेरी, लेआउटच्या पाण्याच्या टाकीला एक फेरी, मंदिराच्या ओट्याला एक फेरी, आणि कंपाउंडच्या भिंतीला खाली पडलेल्या भोकातून टायगर घरात.

शेजारचे निवृत्त मास्तर इतिहास शिकवायचे. ते गच्चीवरून हे पाहत होते, आणि टाळ्या वाजवत खाली आले. "अहो, लाजता काय? हे शहर वसलं ते असंच!" मग त्यांनी ती दंतकथा सांगितली. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा झरपट नदीच्या बाजूला शिकारीला आला होता, तेव्हा कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. शिकारी कुत्रा पुढे, ससा मागे, गोल गोल फेऱ्या. राजा चकित झाला. घरी जाऊन राणीला सांगितलं, तर राणी म्हणाली हा शुभशकुन आहे, ज्या वाटेने ती दोघं धावली त्या वाटेवर परकोट बांधा आणि आत राजधानी वसवा. तोच हा आपला परकोट, जटपुरा गेट, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर, ज्याच्यावरची झाडंझुडपं काढायला इको-प्रो संस्थेची पोरं २०१७ पासून खपली.

म्हणजे चंद्रपुरात राहायचं तर कुत्रा शूर असावा अशी अटच नव्हती. सशाला भिऊन पळालेल्या कुत्र्यावर या गावाने राजधानी बांधली, आणि मी कोंबडीला भिणाऱ्या कुत्र्याची लाज धरून बसलो होतो. मी तरातरा घरी आलो. टायगर पलंगाखाली होता, फक्त शेपटीचं टोक बाहेर. बायको तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळी कथा साग्रसंगीत सांगितली, ससा, ठिपका, फेऱ्या, आणि राणीपाशी येऊन जरा थांबलो. म्हटलं, "आता सांग. राणी काय म्हणाली असेल?"

तिने सुपातला खडा उचलून टाकला. "परकोट राहू द्या. आधी ते कंपाउंडचं भोक बुजवा. कोंबडी यील तिथून."

मी वाळू आणली, सिमेंट आणलं, रविवार घालवून भोक बुजवलं. सोमवारी कोंबडी गेटातून आली.